अँटी-स्टॅटिक मॅट घ्यायची? आधी अर्थिंग बघा

मार्चातली दुपार. एक पोरगा काखेत गुंडाळी मारून माझ्या वर्कशॉपमध्ये आला. पॉलिटेक्निकला शिकतो, सुट्टीत एलईडी बल्ब आणि चार्जर दुरुस्त करतो, आता त्याला ड्रोनच्या बोर्डांना हात घालायचा होता. "दादा, अँटी-स्टॅटिक मॅट घेतली. बघा तरी." टेबलावर उलगडली तर निळीशार, मऊ सिलिकॉनची चटई. स्क्रू ठेवायला खण, कोपऱ्यात लोहचुंबक, कडेला मोजपट्टीसुद्धा छापलेली. मी मल्टिमीटर २०० मेगाओहमवर घेतला आणि दोन्ही प्रोब जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर टेकवले. डाव्या कोपऱ्यात नुसता '१', म्हणजे रेंजच्या बाहेर. चटई उलटी केली, तेच.

चटई वाईट नव्हती. सोल्डरिंगची गरम गन सोसते, स्क्रू हरवू देत नाही. फक्त स्टॅटिकशी, म्हणजे घासण्यानं अंगावर आणि वस्तूंवर साचणाऱ्या विजेच्या चार्जशी, तिचा काही संबंध नव्हता. उलट सिलिकॉन स्वतःच घासलं की चार्ज धरून बसतं, आणि वायर लावली तरी तो चार्ज वाहून जात नाही, कारण तो पदार्थच विद्युतरोधक आहे.

माझं काम फाउंड्रीतल्या आणि मशिनशॉपमधल्या ड्राइव्हच्या, म्हणजे मोटर चालवणाऱ्या यंत्रणेच्या, कार्डांचं. कोल्हापूर भागातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथून कार्डं येतात. मॅट कोणती घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी एकच उलटा प्रश्न विचारतो: तुझ्या टेबलावरून जमिनीपर्यंत रस्ता आहे का? मॅट म्हणजे त्या रस्त्याचा शेवटचा तुकडा. रस्ताच नसेल तर कितीही महागाची मॅट घ्या, ती टेबलक्लॉथच.

नुकसान होतं कसं, थोडक्यात

प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठलात, नायलॉनचा शर्ट खुर्चीला घासला, की अंगावर काही हजार व्होल्ट जमतात. आपल्याला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. बऱ्याच आयसी १०० व्होल्टच्या आसपासही मरू शकतात. साध्या पॉवर मॉसफेटच्या (जास्त करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) गेटची, म्हणजे त्याला हुकूम देणाऱ्या पायाची, मर्यादा डेटाशीटमध्ये २० व्होल्ट लिहिलेली असते. म्हणजे ठिणगी दिसली नाही, चटका बसला नाही, तरी काम होऊन गेलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे अर्धमेला भाग. गेटच्या थराला बारीक इजा होते, कार्ड टेस्टिंगला पास होतं, आणि दीड महिन्यानं गिऱ्हाईक ते परत घेऊन दारात उभं राहतं.

पुस्तकातला आकडा असा: गालिच्यावरून चाललं तर कोरड्या हवेत अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत जाऊ शकतात, दमट हवेत दीड हजाराच्या आसपास. म्हणून जुलै-ऑगस्टात, जेव्हा आपल्याकडे भिंतींना ओल येते आणि कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तेव्हा स्टॅटिकची आठवण कुणाला होत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी मात्र होते. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. हवा कोरडी पडली की सूत कसं वागतं ते त्यांना पाठ असतं.

पहिली पायरी: तिसऱ्या भोकात वायर आहे का?

हे मी माझ्या खर्चानं शिकलो. सुरुवातीला मंगळवार पेठेत एका जुन्या घराच्या माडीवर भाड्यानं खोली घेतली होती. बोर्डावर नवंकोरं थ्री-पिन सॉकेट. त्याच्या वरच्या मोठ्या भोकात मी मॅटची वायर घातली आणि आठ महिने निर्धास्त काम केलं. त्या काळात आयजीबीटीचे (ड्राइव्हमधले मोठे पॉवर ट्रान्झिस्टर) ड्रायव्हर आयसी का जातात याचं खापर मी कधी सोल्डरिंगवर फोडलं, कधी नकली मालावर. एके दिवशी पंख्याचं बटण बदलायला बोर्ड उघडला. सॉकेटला मागून दोनच वायरी. तिसरा स्क्रू तसाच चकचकीत, कधी कुणी पिळलेलाच नाही.

तर आधी मोजा. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० यायला हवेत. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. प्रोब सॉकेटमध्ये घालताना बोटं मागेच ठेवा, आणि ज्याला हे करायची भीती वाटते त्यानं करू नये, वायरमनला बोलवावं.

यात दोन फसवणुकी आहेत. एक, वायर मध्येच तुटून लोंबकळत असेल तरी डिजिटल मीटर फेज-अर्थमध्ये ७०, १००, कधी १५० व्होल्ट दाखवतो. हे भुताटकीचे व्होल्ट. शेजारच्या वायरीमुळे येतात, त्यात दम नसतो. जुने वायरमन म्हणून टेस्ट लॅम्प वापरतात: फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला आणि तो दणदणीत पेटला तर अर्थ खरं. घरात आरसीसीबी (करंट गळाला की लाइट तोडणारा स्विच) असेल तर तो या वेळी ट्रिप होईल, आणि तीही एक खूणच. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. दुसरी फसवणूक जास्त धोक्याची. न्यूट्रल-अर्थमध्ये लोड चालू असतानाही अगदी शून्य व्होल्ट दिसत असतील, तर कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून अर्थला तुकडा मारून ठेवला असण्याची शक्यता आहे. न्यूट्रल कुठं सुटली की तुमची मॅट आणि मनगटपट्टा दोन्ही फेजला जाऊन बसतील. बोर्ड उघडून बघितल्याशिवाय अशा सॉकेटला हात लावू नका.

अर्थ नसेल तर घरमालकाशी बोलून अर्थिंगचा खड्डा घ्या. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप किंवा प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं ही जुनी रीत अजून चालते. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत राहायचं. खिडकीच्या गजाला किंवा नळाला वायर गुंडाळून भागवायला जाऊ नका. नळाचे पाइप आता प्लॅस्टिकचे आहेत, आणि गज भिंतीत सिमेंटमध्ये रुतलेला असतो, जमिनीत नाही.

दुसरी पायरी: आधी मनगटपट्टा

पैसे मोजकेच असतील तर मॅटच्या आधी मनगटपट्टा घ्या. चार्ज मुख्यतः तुमच्या अंगावर असतो, टेबलावर नाही. पट्ट्याच्या वायरीत १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, आणि तो तुमचा जीव वाचवण्यासाठी असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागला तर पट्ट्यातून जाणारा करंट पाव मिलिअँपियरच्याही आत राहतो. म्हणून पट्ट्याची वायर तुटली की साधी वायर जोडून काम भागवणाऱ्या माणसाजवळ मी उभासुद्धा राहत नाही.

तपासायला सोपं. पट्टा घाला, मीटरचा एक प्रोब दुसऱ्या हाताच्या चिमटीत घट्ट धरा, दुसरा वायरीच्या टोकाला लावा. ३५ मेगाओहमच्या आत रीडिंग आलं पाहिजे. कातडी कोरडी असेल तर जास्त येतं, मग पट्टा घट्ट करा किंवा मनगट जरा ओलं करा. ऑनलाइन 'वायरलेस' पट्टेही मिळतात. वायरच नाही तर चार्ज जाणार कुठं? ते घेऊ नका.

चपलेचं कुणीतरी विचारतंच. कातडी तळाची कोल्हापुरी रबरी स्लीपरपेक्षा नक्कीच बरी, कारण कातडं थोडी ओल धरतं. पण तिच्या भरवशावर पट्टा काढू नका.

तिसरी पायरी: मॅट कशाची?

बाजारात स्थूलमानानं तीन प्रकार दिसतात.

पहिला दोन थरांच्या रबराचा. वर हिरवा, निळा किंवा राखाडी थर, खाली काळा. एकूण जाडी साधारण २ मिलिमीटर. वरच्या थराचा रोध जास्त, खालच्या काळ्या थराचा बराच कमी. चार्ज वरून हळूहळू खाली उतरतो आणि काळ्या थरातून झटकन वायरीपर्यंत जातो. टेबलाच्या कामासाठी मी हाच सांगतो. सोल्डरिंग गनचं टोक चुकून टेकलं तर डाग पडतो, वितळत नाही. नवा असताना रबराचा वास येतो. आठवडाभर खिडकी उघडी ठेवा.

दुसरा व्हिनाइलचा, बहुतेक वेळा तीन थरांचा, मधे वाहक जाळी किंवा थर. दिसायला स्वच्छ, पुसायला सोपा, जुळणी आणि टेस्टिंगच्या टेबलाला उत्तम. पण ३५० अंशांची गन टेकली की खड्डा. शिकाऊ माणसाच्या हातून गन टेकतेच, महिन्यात चारदा.

तिसरा ती निळी सिलिकॉनची चटई. तिचं खरं काम उष्णता सोसण्याचं. घ्यायची तर वीतभर तुकडा घ्या, हॉट एअर चालवताना रबरी मॅटवर ठेवा, काम झालं की उचला. सुटी आयसी तिच्यावर काढून ठेवू नका.

"मग स्टीलचा पत्रा का नको, त्यातून तर सगळं एका क्षणात जाईल?" हा प्रश्न हुशार पोरं विचारतात, आणि विचारायलाच हवा. एका क्षणात जातं हीच अडचण. चार्ज झालेली आयसी उघड्या धातूला टेकली की तो चार्ज इतक्या झटक्यात बाहेर पडतो की त्या झटक्यानंच आतला भाग जळतो. शिवाय पत्र्यावर बोर्ड ठेवून सप्लाय दिला की खालच्या सगळ्या पायांचं शॉर्ट सर्किट. मॅटनं चार्ज सोडायचा, पण सावकाश. म्हणून अर्थपर्यंतचा रोध १ मेगाओहम ते १ गिगाओहम यांच्या मधला बघतात. आयईसी ६१३४०-५-१ या मानकातही टेबलाच्या पृष्ठभागाची वरची हद्द १ गिगाओहमच आहे. हिशोब करून बघा: माणसाच्या शरीराची कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, १०० पिकोफॅराड धरतात. ती १ गिगाओहममधून रिकामी व्हायला एक दशांश सेकंदाच्या पटीत वेळ लागतो. आपण बोर्ड हातात घेऊन न्याहाळेपर्यंत सगळं निघून गेलेलं असतं.

आता दुकानदाराला काय विचारायचं. आपल्याकडे दोन-तीन दुकानांत मिळते, नाहीतर पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, किंवा ऑनलाइन. मी मागं एका ठिकाणी फोन केला होता. विचारलं, वरच्या थराचा रोध किती? पलीकडून उत्तर, "साहेब, ओहम-बिहम काय आपल्याला माहीत नाही, पण माल एक नंबर आहे, हीट रेझिस्टंट आहे." फोन तिथंच ठेवला. चांगल्या विक्रेत्याकडे एका पानाची डेटाशीट असते, आणि तिच्यात वरचा आणि खालचा थर असे दोन वेगळे आकडे असतात. वरचा दहाच्या सातव्या ते नवव्या घातात, खालचा तिसऱ्या ते पाचव्या घातात, असं दिसलं की समजायचं माल ओळखीचा आहे. 'ईएसडी सेफ' (स्टॅटिकच्या झटक्यापासून सुरक्षित) असा नुसता शिक्का म्हणजे काहीच नाही.

दुकानात प्रत्यक्ष गेलात तर मीटर खिशात न्या. मॅट उलटी करून काळ्या बाजूवर प्रोब दाबा. काही किलोओहम ते काहीशे किलोओहम दिसले तर ठीक. काळी बाजूही रेंजच्या बाहेर असेल तर ते साधं रबर आहे, पायपुसणं करा.

माप आणि रंग

६० बाय १२० सेंटिमीटरचा तुकडा एका माणसाला पुरतो. रोलमधून मीटरवर कापूनही देतात. हिरवा किंवा राखाडी घ्या, पांढऱ्या उजेडात डोळ्यांना त्रास कमी. चकचकीत पृष्ठभाग नको. पडलेला बारीक एसएमडी (बोर्डावर पृष्ठभागावरच चिकटणारा, बिनपायांचा) रेझिस्टर त्यावर सापडता सापडत नाही.

चौथी पायरी: जोडणी

मॅटच्या कोपऱ्यात १० मिलिमीटरचं टिचबटण असतं, त्याला वायर अडकते. कापून आणलेल्या मॅटला ते आपणच बसवायचं. माझ्याकडे पंच नव्हता, म्हणून मी मॅट घेऊन सरळ चप्पल लाईनीत गेलो. तिथल्या कारागिरानं ती दोन बोटांत धरून वाकवली, वास घेतला, "हे कसलं कातडं?" म्हणाला, आणि एका ठोक्यात इतकं गोल भोक पाडून दिलं की कंपनीतसुद्धा पडणार नाही. पैसे घेतले नाहीत. टिचबटणाचा खालचा भाग काळ्या थराला घट्ट चिकटला पाहिजे, एवढंच बघा. मागं कागद किंवा गोंदाचा थर राहिला असेल तर तो खरवडून काढा.

मॅटची वायर आणि मनगटपट्ट्याची वायर एकाच ठिकाणी जोडा. पट्टा एका सॉकेटला आणि मॅट दुसऱ्याला असं करू नका, दोन्हींच्या मधे व्होल्टचा फरक राहतो. पट्ट्यातून मॅटला आणि मॅटमधून अर्थला अशी साखळीही नको. एक निसटलं की दोन्ही गेली.

अर्थला जोडायला मी वेगळा थ्री-पिन टॉप ठेवला आहे. त्यात फक्त मोठ्या पिनेला हिरवी वायर, बाकी दोन पिना स्क्रू काढून बाहेर काढलेल्या. वर लाल टेप गुंडाळून मार्करनं 'फक्त अर्थ' लिहिलंय, नाहीतर मदतीला आलेला भाचा त्यात एक दिवस मोबाईलचा चार्जर जोडून मोकळा होईल.

पाचवी पायरी: डबे ठेवून तपासणी

मॅट अंथरली, जोडली, आता ती चालते का? कारखान्यात यासाठी सव्वादोन किलोच्या आसपासची धातूची वजनं असतात. घरी दोन लिटरचे सपाट बुडाचे स्टीलचे दोन डबे पाण्यानं भरून घ्या. बूड कोरडं पुसा. मॅटची वायर अर्थपासून काढा, एक डबा मॅटच्या मधोमध ठेवा, मीटरचा एक प्रोब डब्याला आणि दुसरा टिचबटणाला लावा. साध्या मीटरवर काही मेगाओहम ते काही दहा मेगाओहम आले तर काम फत्ते. रेंजच्या बाहेर दाखवलं तरी लगेच मॅटला नाव ठेवू नका, कारण साधा मीटर फार कमी व्होल्टवर मोजतो आणि २०० मेगाओहमच्या पुढं आंधळा होतो.

अशा वेळी मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन मोठा रोध मोजणारा मीटर, लागतो. उद्यमनगरात मोटर रिवायंडिंगच्या दुकानात तो हमखास असतो. मानकात ही मोजणी १०० व्होल्टला करतात. ५०० व्होल्टच्या मेगरवर रीडिंग थोडं कमी दिसेल, पण हो की नाही एवढं कळतं. १ गिगाओहमच्या आत आलं की पास. दुसरा डबा मॅटच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवून दोन डब्यांमध्येही मोजा. मेगर चालू असताना डब्यांना हात लावायचा नाही.

पट्टा काढायची वेळ

हे कुणी नवख्याला सांगत नाही, म्हणून वेगळं लिहितो. टीव्हीचा किंवा ड्राइव्हचा पॉवर बोर्ड चालू करून मोजमाप करायचं असेल, तर मनगटपट्टा आधी काढा. २३० व्होल्ट एसीचे रेक्टिफायरनंतर ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि तीन फेजच्या ड्राइव्हमध्ये साडेपाचशेच्या वर. १ मेगाओहमचा रेझिस्टर असला तरी अंग अर्थला बांधून अशा बोर्डावर वाकायचं नाही. चालू बोर्ड मॅटवरही ठेवू नका. मी लाकडी फळीवर ठेवतो. बंद केल्यावर मोठे कपॅसिटर रिकामे झाले का ते मीटरनं बघा, आणि मगच पट्टा परत घाला.

कॉइन सेल लावलेला बोर्ड मॅटवर चालतो. पण काळ्या वाहक फोमवर किंवा चंदेरी पिशवीच्या वरच्या बाजूला ठेवू नका. चंदेरी पिशवीचा उपयोग आत ठेवण्यापुरता. बोर्डासोबत ती फुकट आली म्हणून तिलाच मॅट समजून वर बोर्ड ठेवणारे मी पाहिले आहेत.

टेबलावर काय नको

थर्माकोल, सेलोटेपचा रोल, प्लॅस्टिकचा चहाचा कप, लॅमिनेट केलेलं रेटकार्ड. हे सगळे रोधक आहेत; मॅटवर ठेवले म्हणून त्यांच्यावरचा चार्ज जात नाही. बोर्डापासून किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवा. सेलोटेप तर टेबलावरच नको. सर्रकन ओढली की काही हजार व्होल्ट तिथल्या तिथं तयार.

निगा

फ्लक्सचा चिकट थर बसला की मॅटचं काम हळूहळू बंद पडतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, मग स्वच्छ पाण्यानं, मग वाळू द्या. हट्टी डागाला थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). चमक आणणारं पॉलिश, काचेचा स्प्रे, मेण असलं काही नको. त्याचा पातळ थर बसला की रोध वाढतो.

मी डब्यांची तपासणी वर्षातून एकदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी करतो, कारण त्या दिवशी टेबल रिकामं होतंच. पूजेला मल्टिमीटर, गन, स्क्रूड्रायव्हर सगळे मांडायचे, पण मॅट गुंडाळून बाजूला. पहिल्या वर्षी मी हौसेनं मॅटवरच हळद-कुंकू वाहिलं होतं. रबरात मुरलेला तो पिवळा डाग आयपीएनंही गेला नाही.